घरगुती कारण

"बाही वर कर," मुख्याध्यापक म्हणाले.

माझ्या लेकीनं केली नाही. मग तिच्या वर्गाच्या मॅडमनीच तिचं मनगट धरलं आणि बाही कोपरापर्यंत सरकवली. खोलीत संस्थेचे सचिव होते, शिपाई होता, खडू न्यायला आलेल्या दोन मुली होत्या. सगळ्यांनी पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मला कोणी बस म्हटलं नाही. शाळेचा निरोप आला म्हणून धानाच्या रोवणीवरून तशीच आले होते. पायाला बांधीचा चिखल, म्हणून दाराशीच उभी.

हातावर रेघाच रेघा. जुन्या, नव्या. तिनं स्वतःच केलेल्या.

मी त्या आधी पाहिल्या होत्या. "निंदतानी धानाची पाती लागली, माय," ती म्हणायची. मला खरं वाटायचं. आम्हा धानवाल्यांचे हात असेच असतात, माझेही आहेत. पण रेघा उन्हाळ्यातही होत्या. उन्हाळ्यात आमच्या बांधीत धान नसतं. एवढी साधी गोष्ट आईला कळू नये?

"घरी लक्ष द्याले वेळ नाही तुमच्याजवळ," मुख्याध्यापक म्हणाले. "पोट्टी असे धंदे करून राहिली, अन् नाव शाळेचं खराब होऊन राहिलं."

लाजेनं माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर लेकीच्या थोबाडीत मारली. हे सांगताना आजही जीभ जड होते, पण सांगते. तिथे तिला खाली पाहायला लावणाऱ्यांत मीही होते.

ती रडली नाही. फरशीकडे बघत राहिली.

मग कागद पुढे आला. मी वाचू लागले तसे सचिव हसले. "अंगठा घेऊन टाका ना या बाईचा. पुनर्वसनवाले कधीपासून वाचाले लागले?"

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून आमचं नाव हेच. मी दहावीपर्यंत शिकले आहे. अक्षर न् अक्षर वाचलं. मुलगी घरगुती कारणामुळे स्वतःला इजा करते, पुढे काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. वाचून काय उपयोग? यांनी दाखला हातात दिला तर दहावीच्या वर्षी पोरीला कुठे घालू? मी पेन उचललं.

"माय, सही नोको करू," लेक म्हणाली. "घरचं नाही ते. मले गाळ म्हणतेत."

तुटक तुटक सांगितलं तिनं. नववीत विज्ञानाच्या तासाला एक उत्तर चुकलं. सर म्हणाले, "धरणवाल्यायच्या डोक्यात गाळच भरला असते." वर्ग हसला. त्या दिवसापासून ती गाळ. हजेरीला गाळ, डब्याच्या सुट्टीत गाळ. एकदा तिनं मॅडमना सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मस्करी समजत नाही का तुले?"

आता त्याच मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या.

 मी पेन टेबलावर ठेवलं. "घरचं कारन लिवलं तुमी. वर्गातलं कोन लिवन?" एवढंच बोलता आलं.  लेकीची बाही मी खाली केली आणि आम्ही निघालो.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाई आहेत. त्या म्हणाल्या, हे नाटक नाही. आतलं सोसवत नाही म्हणून पोरं असं करतात. रागावू नका, विचारा, ऐका. मी ऐकते. पण खरं सांगू? जमत नाही फार. ती गप्प बसली की काय विचारावं ते सुचत नाही. भात वाढते, शेजारी बसते. परवा पुन्हा एक नवी रेघ दिसली. ओरडले नाही. तिचा हात धरून बसले. 

शेजारीण म्हणाली, "कोनाले सांगू नोको वं. उद्या पोरीचं लगन नाही जमायचं."

मी लेकीलाच विचारलं, सांगू का?  ती म्हणाली, "सांग."

म्हणून सांगते आहे. एसटीत कोणी कुठे चालल्या विचारलं, तर सांगते: लेकीच्या मनाला मार लागला, दवाखान्यात चाललो. कोणी मारलं विचारलं, तर तेही सांगते, वर्गासकट, सरांच्या नावासकट. तेच कागदावर लिहिलंय, सोमवारी शिक्षण विभागात देणार. त्यात माझी थप्पडही लिहिली आहे. शाळा तीच की दुसरी, ते लेक ठरवील. ती सावरेल की नाही, मला माहीत नाही. कोणी तशी खात्रीही देत नाही. पण तिच्या जखमेचं खोटं कारण लिहून आणाल, तर त्याखाली माझी सही मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही.