अण्णांचा मऊ ब्रेक

अण्णांची मोटार कुठल्या कंपनीची, हे अण्णांनाही सांगता येत नव्हतं. सांगाडा एका जागीरदाराच्या जुन्या मोटारीचा, इंजिन मिलिटरीच्या लिलावातल्या लॉरीचं, आणि मागची बाजू बैलगाड्या करणाऱ्या सुतारानं घरच्या माणसांचा अंदाज घेऊन बांधलेली. सातजण ऐसपैस बसत. गाडी थांबवायची कशी, याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दोनेक वर्षं झाली होती. मी औरादकडच्या चिंताकीचा. शाळा उर्दूत, घर मराठीत. चौथीतच शाळेची आणि माझी फारकत झाली. गुलबर्ग्याला येऊन वर्कशॉपात पाना धरायला शिकलो, आणि तुरीच्या डाळीचा व्यापार करणाऱ्या अण्णांनी मला मोटारीवर ठेवलं. गोदामामागं खोली दिली, जेवण घरातलं. त्या उपकाराचं दडपण असं, की अण्णा नुसते खोकले तरी मला वाटायचं, आता आपल्याला गावी धाडणार.

सणावाराला गाडी अण्णा स्वतः चालवत. मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असे. असलेला ब्रेकही फारसा वेगळा नव्हता. गादीत पाय रुतावा तसं पेडल खाली जाई. तीनदा दाबलं की गाडी थांबण्याचा विचार सुरू करी. अण्णा एका चिंचेपाशी ब्रेक मारत आणि पुढच्या चिंचेपाशी थांबत.

"थांबती की न्हाई?" ते विचारत.

"थांबती, अण्णा," मी म्हणे.

वेळ अमावस्या जवळ आली. त्या दिवशी आमच्याकडं सगळं घर शेतात जाऊन पूजा करतं, तिथंच जेवतं. अण्णांचं शेत खजुरी गावाजवळ, आणि वाटेत ओढा, त्याच्या दोन्ही अंगांना उतार. भीत भीत विचारलं, "ब्रेक बघू का?"

"बघ की. झकास कर."

ब्रेकचे पट्टे रिव्हेटपर्यंत झिजले होते. नवे ठोकले, सिलिंडरची रबरं बदलली. मग तेलाच्या नळीतली हवा काढायची; तिच्यानंच पेडल मऊ पडतं. त्याला दोन माणसं लागतात: एकानं वर पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकामागचा स्क्रू सोडायचा. घरात त्या वेळी अण्णांच्या आईच होत्या, त्यांना सगळे अव्वा म्हणत. त्या पदर खोचून स्टिअरिंगमागं बसल्या.

"दाबा, अव्वा. धरून ठेवा. आता सोडा."

"किती दाबू रं? यापरीस दळायचं जातं बरं!"

पण दाबत राहिल्या. शेवटी पेडल वर आलं आणि टणक झालं. असा ब्रेक मी आयुष्यात पहिल्यांदाच केला होता. जरा मिजासच चढली.

सणाला निघालो. मागं पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि अव्वांच्या मांडीवर आंबिलीचं गाडगं. उतारावर अण्णांनी सवयीप्रमाणं लांबूनच, सगळा जोर लावून पेडल हाणलं. दुसऱ्यांदा हाणायची गरजच पडली नाही. गाडी जागच्या जागी उभी राहिली. आंबील राहिली नाही. अव्वांचं नवं इरकल गुडघ्यापर्यंत पांढरं झालं.

"कामून रं? काय करून ठेवलास हे?"

"ब्रेक लागायलाय, अण्णा."

"ते दिसायलंय! दगडावर पाय ठेवल्यावानी वाटायलंय. पहिल्यासारखा मऊ कर. न्हाई तर सामान बांध."

अव्वा पदर पिळत म्हणाल्या, "दाबतानाच मला कडक लागलं व्हतं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय."

शेतात सगळे कडब्याच्या कोपीत जेवायला बसले. मी गाडीखाली आडवा झालो. पहिल्यासारखा करणं अगदी सोपं होतं. स्क्रू सैल करून हवा आत घ्यायची, की नोकरी शाबूत. पाना लावलाही. तेवढ्यात कोपीतून अव्वांचा आवाज आला, "त्याला कुणी उंडे नेऊन दिले का न्हाई?"

मी पाना काढला.

पेडल आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक दांडी असते. ती थोडी आखूड केली. आता पेडल आधी दोन बोटं अल्लाद खाली जाणार, मग धरणार. हवेचा बुडबुडाही आत नाही, पण पायाला सुख. रिकामी गाडी घेऊन उतारावर तीनदा दाबून पाहिलं. तिन्ही वेळा थांबली.

परतताना अण्णांनी ब्रेकवर पाय ठेवला. सकाळच्या आदळण्यानं पाय आपोआप हळू पडला होता. पेडल रुतलं, अण्णांचा चेहरा उजळला, आणि गाडी शहाण्यासारखी थांबली.

"हं! आता पहिल्यासारखा झाला. सांगितल्याबिगर तुमाला कळत न्हाई."

"व्हय, अण्णा."

"ब्रेक पायाला कळतो, वर्कशॉपात न्हाई शिकवत ते." मग गाडी सोडत म्हणाले, "ऱ्हा आता निवांत. सामानबिमान कायी बांधू नको."

मला एकदम भरून आलं. इतकं, की दांडीचं सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण गाडी पुन्हा उताराला लागली होती, आणि अण्णांचा पाय पेडलवर होता.