भिंतीवर ठेवलेला हात

भिवंडीत राहून यंत्रमागांच्या खडखडाटाला न कंटाळलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्याच माणसासाठी तो खडखडाट तासभर बंद पाडण्याची कामगिरी मी पार पाडली. वाईट हेतूने चुका करणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांचा हेतू तरी साधतो. माझी चूक निव्वळ चांगुलपणातून झाली होती. तिच्यातून कुणालाच काही मिळालं नाही.

हा माणूस म्हणजे आमच्या कामतघरच्या शाळेतले विज्ञानाचे सर. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, मी मराठी शिकवत होतो. सर अंजूरहून रिक्षाने यायचे. खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात फुगे, रबरबँड, पावडरचा रिकामा डबा, मोडकी फुटपट्टी, चमचे, कंगवा. जेवणाचा डबा तेवढा घरी विसरलेला असायचा, म्हणून दुपारी ते माझ्या डब्यात जेवायचे. जेवतानाही स्वस्थ नाही. स्टीलचा पेला चमच्याने वाजवायचा, त्याचा नाद घुमू द्यायचा आणि मग एका बोटाने त्याला गप्प करायचं. "बघितलंत? थरथर थांबली, आवाज थांबला." हे वाक्य मी माझ्या पोळ्यांइतक्या वेळा ऐकलं असेल.

आवाज करणाऱ्या वस्तूला हात लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एकदा शिपायाने मधल्या सुट्टीचा पहिला टोला दिला आणि तिथूनच जाणाऱ्या सरांनी दोन्ही हातांनी घंटा कवटाळली. सोबतच्या पोरांना म्हणाले, "लावा रे हात, कशी मुंग्यांसारखी लागते!" पोरांनी आळीपाळीने हात लावले. शिपाई टोला हाणतोय, घंटा नुसती 'ठक्' करतेय, आणि सगळी शाळा वर्गात बसून सुट्टीची वाट पाहतेय. शेवटी शिपाई कळवळून म्हणाला, "सर, घंटा सोडा, पोरं उपाशी हायत!" गावच्या भजनात ते पखवाजावर तळवा ठेवून बसायचे. बुवांनी एकदा अभंग मध्येच थांबवला. "मास्तर, हात काढतंस का टाळ घालू डोक्यात?" गळे तर त्यांनी कुणाचेच सोडले नाहीत. समोरचा बोलायला लागला की यांची दोन बोटं त्याच्या गळ्यावर. तक्रार घेऊन आलेल्या एका पालकाचा गळा त्यांनी असा धरला की त्या गृहस्थांना वाटलं, सरांनी भांडणाला सुरुवात केली.

आमच्या सातवीच्या वर्गाला लागून मागांचा कारखाना होता. मधली भिंत एकच. त्या खडखडाटात आम्ही सगळे घसा फोडून शिकवायचो. आईच्या मायेवरची कविता मी केळी विकणाऱ्याच्या आवाजात शिकवत असे आणि पोरं तशाच आवाजात गहिवरत. मला त्या मागांचा मनापासून राग होता. सरांना नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. त्यांचा तास एकदा मागे बसून पाहावा, एवढी उत्सुकता मी कधी दाखवली नाही. त्यांच्याबरोबर रोज जेवत होतो, तेवढ्यावर मी त्यांना पुरता ओळखतो असा माझा समज होता.

त्या वर्षी शाळेची तपासणी यायची होती. मुख्याध्यापकांना विज्ञान एका नव्या, पदवी घेतलेल्या तरुणाकडे द्यायचं होतं. त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं, "साहेबांसमोर पाठ चांगला झाला तर विषय तुमच्याकडे राहील. नाहीतर पुढच्या वर्षीपासून कार्यानुभव घ्या. पोरांकडून कागदाची फुलं करून घ्या." सरांनी ध्वनीचा पाठ निवडला. त्या दुपारी त्यांनी माझ्या डब्याला हात लावला नाही. विज्ञान गेलं तर या माणसाचं काय राहील, ते मला त्या न खाल्लेल्या पोळीवरून कळलं. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की माझ्या हातून काहीतरी घडतंच.

मी कुणाला न सांगता शेजारच्या कारखान्यात गेलो. शेठला म्हटलं, "साहेब येणार आहेत, आवाजाचा धडा आहे. तेवढ्यापुरते माग बंद ठेवाल का?"

शेठ दिलदार होता. "अरे मास्टरसाब, बच्चों की पढ़ाई का मामला है. एक घंटा क्या, दो घंटा बंद!"

तपासणीच्या दिवशी साहेब सातवीच्या वर्गात आले, मी कौतुकाने दारात उभा राहिलो आणि ठरल्याप्रमाणे माग थांबले. अशी शांतता त्या वर्गाने कधी ऐकली नव्हती. डोक्यावरचा पंखा किरकिरतो, हे मला त्या दिवशी कळलं. सरांचा चेहरा मात्र उतरला. ते भिंतीकडे पाहू लागले. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी पाण्याने भरलेली परात ठेवली होती. फुगा ताणून बसवलेला पावडरचा डबा भिंतीला टेकवला होता, त्यावर तांदळाचे दाणे. सगळी मांडणी त्या भिंतीच्या जिवावर होती. माग चालू असते तर दाणे नाचले असते, पाण्यात बारीक लाटा उठल्या असत्या. एरवी पोरांना जो खडखडाट फक्त ऐकू यायचा, तो त्या दिवशी दिसणार होता.

"भिंतीला हात लावा," सर म्हणाले. त्यांना वाटलं असावं, आता सुरू होतील माग. "काय जाणवतं?"

पोरांनी प्रामाणिकपणे हात लावले. एक मुलगी म्हणाली, "सर, गार लागतं."

साहेबांनीही हात लावला. मग परातीत वाकून पाहिलं. पाणी इतकं स्थिर होतं की त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी केस नीट केले आणि विचारलं, "यात पाहायचं काय?" एवढ्यात रिकामे झालेले कारागीर खिडकीशी जमले. जन्मभर मागांवर आवाज चढवून बोललेली माणसं ती. त्यांतला एकजण कुजबुजला, ते कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ऐकू गेलं असेल: "साहब परात में मुँह देख रहे हैं!" वर्गात हशा फुटला. सर भिंतीवर तळवा ठेवून तसेच उभे होते, दवाखान्यात नाडी शोधतात तसे.

साहेब ऑफिसात चहाला बसले तेव्हा तास संपला आणि शेठने दिल्या शब्दाप्रमाणे माग सुरू केले. साहेबांच्या बशीतला कप किणकिणायला लागला. सर धावत आले. "साहेब, हेच! हेच दाखवायचं होतं! कपाला हात लावा!" साहेब म्हणाले, "बाजूला व्हा, चहा सांडेल."

विज्ञान गेलं. सर कागदाची फुलं करून घेऊ लागले. पण फुलांच्या जोडीला पोरांच्या हातून डब्यांच्या एकतारी आणि काडेपेट्यांचे फोनही व्हायला लागले. सातवीच्या वर्गावरून जाताना ते भिंतीला हात लावून पुढे जायचे. कधी वीज गेली की म्हणायचे, "या वीजवाल्यांनी माझा पाठ खाल्ला." आणि मी, मराठीचा शिक्षक, माझी सगळी शब्दसंपत्ती वापरून वीजवाल्यांना शिव्या द्यायचो. शाळेत माझ्याइतक्या तळमळीने त्या खात्यावर कुणीच तुटून पडत नसे. डबा आम्ही एकत्रच खात राहिलो. खरं सांगायचं रोज ओठांवर यायचं आणि मी ते पोळीबरोबर गिळायचो.

ते निवृत्त झाले. मी पुढे दोन उन्हाळे नुसता मनात तयारी करत राहिलो आणि एका रविवारी अंजूरला गेलो. शेतांच्या जागी गोदामं उभी राहायला लागली होती. सर ओटीवर बसले होते. कान बरेच गेले होते. मी पाठ केलेलं सांगून टाकलं, "सर, त्या दिवशी माग मी बंद करायला लावले."

"काय?"

"माग! मी! मी बंद केले!"

सूनबाई घाबरून बाहेर आल्या. "काय झालं काका?"

सर हसायला लागले. "काय न्हाय गं, च्या टाक. जुना पाठ चाललाय आमचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्गात पंखा चालू होता, सर. वीज गेली न्हवती, मना तवाच कळलं."

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "मग शेठला विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्यानं नाव सांगितलं असतं. मग दुपारचं कोनासंगं जेवलो असतो?"

"आणि वीजवाल्यांना शिव्या?"

"त्या तुमच्या सोबतीला. तुम्ही इतक्या मनापासून द्यायचात, मदीच तोडणं बरं दिसंना."

मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी हात पुढे केला आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली.

"आता हळू सांगा. मघाशी वरडलात ते गावानं ऐकलं."

"सर," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी बोटं गळ्यावर तशीच ठेवली.

"झालं बोलून?"

मी मान हलवली.

"मग हे का थरथरतंय अजून?"