काठीवाली

कट्टा गावच्या बाजारामागे इनासचं घर. घरात माणसं दोनच. इनास अंथरुणात, आणि त्याची मुलगी अ‍ॅनी घरापुढच्या खळ्यातल्या काजूच्या झाडाखाली, हातात मोबाइल घेऊन. रेंज तिथेच यायची. बापाची हाकही तिथवर ऐकू यायची.

सहा वर्षांपूर्वी कणकवलीच्या एसटी डेपोत, शेवटच्या गाडीची वाट बघता बघता, अ‍ॅनी धरून कॉलेजच्या चौघांनी एक ऑनलाइन खेळ सुरू केला. आधी शस्त्र निवडायचं होतं. जोनाथनने ढाल घेतली. ढालवाल्याने पुढे राहून मार खायचा. गुरुदासने तलवार घेतली, सृष्टीने धनुष्य. उरली काठी. काठीने शत्रू मरत नाही. जखमी सोबती बरे होतात, एवढंच.

"ही कोणाक व्हयी?" गुरुदासने विचारलं.

"माका," अ‍ॅनी म्हणाली. "तुमका सांभाळूक कोणतरी नको?"

"इली गो इली आमची नर्सबाय!"

नर्सबायने त्यांना कधी मरू दिलं नाही. चौघांनी एक किल्ला जिंकला. त्याच्या दारावर गटाचं नाव लागलं: 'शेवटची गाडी'.

मग जोनाथन कुवेतला गेला. सृष्टी लग्न होऊन गोव्यात. इनासची उजवी बाजू लुळी पडली आणि अ‍ॅनीने मालवणची नोकरी सोडली. चौघं भेटायची ती खेळातच. तेही कमी होत गेलं.

त्या रविवारी चार वाजता किल्ल्यावर हल्ला होणार होता. पाऊण तास कोणीतरी दारात जिवंत उभं राहायला हवं. नाहीतर किल्ला जातो, गट मोडतो, नाव पुसलं जातं.

जोनाथनचा फोन बंद. सृष्टीकडे पाहुणे. उरला गुरुदास. अ‍ॅनीने त्याला फोन लावला.

"अगो, मी तो खेळ कधीच काढून टाकलंय. झाले चार म्हयने. तू अजून खेळतंस?"

"परत घे रे. एकदाच. काठीन मी कोणाक मारू?"

"मगे तू तलवार घे."

"तलवार घेतली तर सहा वर्षांचा सगळा जाता. पयल्यापासून सुरू. एका फटक्यात मरान मी."

"अगो, खेळ तो," गुरुदास म्हणाला. हळूच म्हणाला.

चार वाजता दुसऱ्या गटाचे पाचजण चालून आले. दारात एकटी काठीवाली. ते मारत होते, ती स्वतःलाच बरं करत होती. ती जिंकत नव्हती आणि मरतही नव्हती. त्यांच्यातल्या एकाने लिहिलं, "एकटीच? मग बरं कोणाला करतेस?" उत्तर लिहायला अंगठा उचलावा लागला असता.

पस्तीस मिनिटं झाली.

"अ‍ॅनी! पाणी गो."

"इलंय पप्पा. धाच मिनिटां."

आतून ठसका आला. मग दुसरा. मग नुसती घरघर.

तिने मोबाइल चिऱ्यावर पालथा टाकला आणि धावली. बापाला उठवून बसवलं. पाठ चोळली. चमच्याने पाणी पाजलं. चादर ओली झाली होती, ती बदलली. इनासचा श्वास नीट चालू लागला तेव्हा ती बाहेर आली.

तिने मोबाइल उलटला. किल्ल्याच्या दारावर दुसरंच नाव होतं. मेलेली काठीवाली खेळाच्या नियमाने पुन्हा जिवंत होऊन किल्ल्याच्या पायथ्याशी उभी होती. अ‍ॅनीने बरं करायचं बटण दाबलं.

'जवळ कोणी जखमी नाही,' अक्षरं आली.

तिने पुन्हा दाबलं.