दुखण्याचे दगड

खिळा ठोकायला हातोडी लागते, हे मला खिळा ठोकताना आठवलं. मग नळाजवळचा एक दगड उचलला, डाव्या हातात खिळा धरला आणि अख्ख्या तिसरीच्या वर्गासमोर तो दगड स्वतःच्या अंगठ्यावर घातला. त्या खिळ्याला जो तक्ता टांगायचा होता त्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दुखणं ओळखू या'.

माझ्या तोंडून निघालेला आवाज ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या. मी अंगठा काखेत दाबून हसत म्हणालो, काही नाही, काही नाही झालं. बाई गेल्या. पुढच्या बाकावरची पोरगी मात्र बघतच राहिली. वर्गातली सगळ्यात हुशार तीच, आणि म्हणूनच माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप तिचाच.

"मग सर, डोळ्यात पाणी कशाला आलं?"

आमची शाळा मुखेड तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. नांदेडच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलांना आपलं दुखणं सांगता आलं पाहिजे, ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही. म्हणून रविवारी घरी बसून मी तक्त्यावर सहा चेहरे काढले, पहिला हसरा आणि शेवटचा रडका; जेवढं दुखतं तसल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. माझी चित्रकला अशी, की बायकोनं शेवटच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, हे तुमचे मोठे भाऊ का?

तक्ता एका हातानं कसाबसा टांगला. तो तासभरही टिकला नाही. एका पोराला फार थोडं दिसतं. तो नाक टेकवून म्हणाला, सर, सगळे वाटाणेच दिसून राहिले. दुसऱ्याला शिकायला जरा वेळ लागतो. तो बाकावरून पडला तरी त्यानं हसऱ्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं, कारण तो चेहरा चांगला दिसतो म्हणे. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ती खिडकीखाली बसून तक्त्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

ती बोलत नाही. किती कळतं तिला, हेही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पण स्वभाव गोड. गेले काही दिवस मात्र ती भिंतीवर डोकं आपटायची, खिचडीचं ताट भिरकावायची, जवळ गेलेल्याला चावायची. तिची आई रोजानं शेतात जाते. शनिवारी ती शाळेत येऊन म्हणाली होती, "पोरगी लई हट्टी झाली गुर्जी. आता न्हाई पाठवत, घरीच ठेवते." घरी बसलेलं असं लेकरू पुन्हा शाळेत येत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक. मी हातापाया पडून एक आठवडा मागून घेतला होता. आणि आठवड्याची सुरुवात अशी झाली होती.

हुशार पोरगी अजून उत्तराची वाट बघत होती. मी वर्गाला विचारलं, तुम्ही पडलात की घरी काय म्हणतात रे? सगळे एका सुरात म्हणाले, "मुंगी मेली." पोरगं पडलं की आपण जमिनीवर हात आपटतो, मुंगी मेली म्हणतो, काही नाही झालं म्हणतो. पोरगं गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं, दुखायचं थांबलं. हुशार पोरगी म्हणाली, आपल्या गावात मुंग्या उरल्या कशा सर?

मग मी काखेतून अंगठा काढला आणि खरं ते सांगून टाकलं. लई दुखून राहिलं रे. वर्ग इतका खूश झाला की मला जरा वाईटच वाटलं.

"किती?" थोडं दिसणाऱ्या पोरानं विचारलं.

मी दोन्ही हात पसरले. मग लक्षात आलं, त्याला ते काय दिसणार. म्हणून ज्या दगडानं घात केला तोच उचलून त्याच्या ओंजळीत ठेवला. एवढं, म्हणालो. त्यानं दगड वरखाली करून तोलला आणि अगदी डॉक्टरसारखं तोंड केलं. "हाव सर. लई हाय."

तक्ता त्याच दुपारी उतरला. दुसऱ्या दिवशी पोरांनी दगड जमवले, हरभऱ्याएवढ्या खड्यापासून माझ्या त्या धोंड्यापर्यंत. दुखलं की हातात घ्यायचा, जेवढं दुखतं तेवढा. यावरून भांडणं केवढी. विंचू चावलेला एकच पोरगा वर्गात होता, त्याची कॉलर आठवडाभर खाली आली नाही. एकीनं इंजेक्शनसाठी मोठा दगड उचलला तेव्हा तो म्हणाला, हॅट, खडा घे. त्यावर हुशार पोरगी कडाडली, "तुझं तू सांग. तिचं ती सांगंल." माझा धडा तिनं एका वाक्यात संपवला. मी तो तीन दिवस शिकवणार होतो.

किती ते झालं, आता कुठं. त्यासाठी मी व्हरांड्यात उताणा झोपलो आणि पोरांनी माझ्याभोवती खडूची रेघ ओढली. सर, श्वास सोडा, पोटापाशी खडू अडकला, असंही ऐकून घेतलं. कान मात्र त्यांनी सुपाएवढे काढले. उठताना गुडघ्यातून अशी कळ आली की दोघांनी ओढून उभं केलं. तेव्हाही मी सवयीनं म्हणालोच, काही नाही, काही नाही. मग रोज कुणी ना कुणी त्या खडूच्या सरांच्या दातावर, पोटावर, टाचेवर दगड ठेवून जायचं.

ती न बोलणारी पोरगी मात्र दगड नुसते ओळीत मांडायची आणि मोडायची. शुक्रवारी खिचडीचं ताट पुन्हा भिरकावलं तेव्हा मी मनातल्या मनात तिच्या आईला द्यायचं उत्तर जुळवायला लागलो. एवढ्यात ती उठली. दगडांपाशी गेली, माझा तो धोंडा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि डुलत डुलत व्हरांड्यात आली. आधी खडूच्या डोक्यावर ठेवला. मग तिचं तिलाच पटलं नाही. तिनं तो सरकवत सरकवत कानावर नेला आणि आमच्याकडे वर पाहिलं.

हुशार पोरगी पुढं वाकली. मग हळूच म्हणाली, सर, कान.

मी त्या न बोलणाऱ्या पोरीसमोर खाली बसलो. तिनं माझा हात धरला, सुजक्या अंगठ्यासकट, आणि आपल्या डाव्या कानाशी नेला. नुसता स्पर्श झाला तरी ती कळवळली.

त्याच दुपारी तिची आई, ती आणि मी एसटीनं मुखेडला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कानात तुरीचा दाणा निघाला. खेळताना घातला असेल, अंघोळीच्या पाण्यानं फुगून बसला होता, भोवती सगळं चिघळलं होतं. डॉक्टरांनी चिमट्यात धरून दाखवला तेव्हा आई पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाली, "आन् मी हिला हट्टी म्हनून राहिले व्हते." मीही मनात तेच म्हणत होतो.

औषधानं कान बरा झाला आणि ती शाळेत परतली. दप्तर ठेवायच्या आधी तिनं तो धोंडा शोधला, दोन्ही हातांनी फाटकापर्यंत नेला आणि सगळा जोर लावून बाहेर ढकलून दिला. अख्खा वर्ग नाचला. मीही नाचलो, गुडघा सांभाळून. त्या दिवशी तिनं खिचडी दोनदा मागून घेतली.

पुढं एकदा तिची आई फाटकाशी उभी दिसली. मला वाटलं, आता काय. ती म्हणाली, घरीबी दगडं जमवलेत हिनं. काल मी रानातून येऊन भिंतीला टेकून बसले तर ही आली अन् समदे दगड माझ्यापुढं मांडले. "मला कुणी कधी इचारलंच न्हवतं गुर्जी. मी मधला उचलला अन् कमरंवर ठिवला. तर ही चोळत बसली."

हे सगळं मी घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. छाती फुगवूनच, खोटं कशाला बोलू. तिनं डोळे पुसले. मग मी पाटावरून उठायला गेलो, गुडघ्यात कळ आली आणि कण्हलो. काय झालं, तिनं विचारलं. काही नाही, मी म्हणालो.

ती आत गेली, पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवला.

"घरात याहून मोठा दगड नाही. कुठं ठेवायचा ते दाखवा, मग मी डॉक्टरकडे नंबर लावते."