कुणाकुणाच्या लोकरीचा कोट

वडिलांचा माग बंद पडला त्या वर्षी आईने भिवंडीच्या एका गोदामात चिंध्या निवडायचं काम धरलं. परदेशातून जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे यायचे. बायका ओळीने बसून बटणं, चेन, अस्तर काढायच्या आणि रंगवार ढीग लावायच्या. माल पुढे पानिपतला जायचा, तिथे पिंजून त्याचा पुन्हा धागा व्हायचा. आम्ही तिघं भावंडं शाळा सुटली की तिथेच जायचो, कारण घरी खायला काही नसायचं आणि गोदामात निदान चहा मिळायचा. त्या बायकांची एक रीत होती. कुठलाही कपडा हातात आला की आधी गळा कापायचा. कधीकधी गळ्याला नावाची पट्टी असायची. ती गेली की कपडा कुणाचा राहत नाही, मग कात्री कशीही चालवा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. टेक्स्टाइलची डिग्री घेतली, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. लग्न होऊन अमेरिकेत शॉमबर्गला आले, व्हिसापायी काही वर्षं घरी बसले, आणि शेवटी जवळच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. आम्ही म्युझियमसाठी जुन्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती करतो. मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. कापड निवडता आलं तर कायम, नाहीतर पुन्हा घरी.

त्यातच काम आलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या मदतनीस मुलींच्या गणवेशाचं. टेलिफोन जोडणाऱ्या, संदेश पाठवणाऱ्या, विशी-बाविशीतल्या मुली. लोकांनी हात लावून बघावा असा एक कोट म्युझियमला हवा होता. नमुन्याला खरा कोट आला, आणि तपासणीसाठी शिवणीच्या आतला नखाएवढा तुकडा. पेटीतला पातळ कागद बाजूला केला तर कोटाचे दोन्ही कोपर अजून वाकलेले, मांडीवर हात ठेवून कुणी बसावं तसे.

वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी नवी, शुद्ध लोकर आधीच पसंत करून ठेवली होती.

"सुंदर आहे ना?"

सुंदर होतीच. रंगही जुळत होता. पण तपासणीचा तो तुकडा मी बोटात धरला. तो स्पर्श मला गोदामापासून ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमधूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

"एवढी शिकलीस आणि मला विचारतेस होय?" आई हसली. "दोन बोटांत चोळ. बारीक तंतूंचा भुसा सुटतो का?"

"सुटतो."

"मग चिंधीचंच आहे ते. नव्या लोकरीला एवढा भुसा नसतो. कुणाचा कोट आहे गं?"

"एका जर्मन मुलीचा. लढाईतला."

"कोट तिचा. पण लोकर कुणाची?"

मी तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. आईने तो निरखला. मग म्हणाली, "गळे तरी आधी कापले होते का गं त्यांनी?"

फोन ठेवून मी तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला. राखाडी रंग नुसता वरचा होता. खाली लाल, बाटलीहिरवा, पिवळा. आणि एक बारीक, मऊ, गुलाबी तंतू, तान्ह्या बाळाच्या टोपीला असतो तसला.

युद्धात जर्मनीत लोकर पुरेनाशी झाली तेव्हा जुने कपडे पिंजून कापड केलं जायचं. काही कपडे लोकांनी दिलेले असायचे, काही छळछावण्यांत मारून टाकलेल्या माणसांच्या अंगावरून उतरवलेले. या कोटात कुठले, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

घरी आल्यावर लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, दॅट्स सो क्रीपी. हात धुतलेस ना?"

धुतले होते. तीनदा.

प्रतीलाही जुन्या लोकरीचंच कापड हवं म्हटलं, तर मालकीणबाई ऐकायला तयार नव्हत्या. "चिंध्यांचं कापड? म्युझियमला? हे तुला डिग्रीने शिकवलं का?"

"डिग्रीनेही आणि आईनेही."

"चुकलीस तर हे काम जाईल. आणि तूही."

"चालेल," मी म्हटलं. चालणार नव्हतं, पण म्हटलं.

इटलीत एक गिरणी अजून जुन्या लोकरीचं कापड विणते, तिथून मागवलं. दोन बाह्या शिवल्या, एक मालकीणबाईंच्या नव्या लोकरीची, एक माझ्या कापडाची. म्युझियमच्या तज्ज्ञ बाई आल्या, हातमोजे काढले आणि डोळे मिटून बसल्या. पहिल्या बाहीवरून हात सहज फिरला. दुसरीवर ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"ही गरम का आहे?"

दोन्ही बाह्या सकाळपासून एकाच टेबलावर, एकाच एसीखाली होत्या. मी हात लावून पाहिला. गरम होती. मग तज्ज्ञ बाईंनी मूळ कोटाची बाही एका बोटाने चाचपली, आणि कितीतरी वेळ बोट तिथून उचललंच नाही.

"हीच," माझ्या बाहीवर हात ठेवून त्या म्हणाल्या.

मी तिथेच सांगितलं, कोटाशेजारच्या पाटीवर दोन वाक्यं हवीत. मालकीणबाईंनी डोळे वटारले. मी तरीही लिहून दिलं.

माझ्या कापडाचा कोट आज गॅलरीत उभा आहे. पाटीवर छापलंय: 'मूळ कोटाचं कापड जुन्या कपड्यांच्या लोकरीचं आहे. ते कपडे कुणाचे होते, हे माहीत नाही.' सहा महिने भरायच्या आत मला कायम केलं. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक कामाचं कापड आता मी ठरवते.