नळीतला वरचा थर

एकतीस वर्षं गाळमामांनी समुद्राच्या तळाचा चिखल जिवापाड जपून आणला, आणि नव्या साहेबांनी तो एका मिनिटात बेसिनमध्ये ओतला!

मामा प्रयोगशाळेचे नमुनेवाले. होडीतून पारदर्शक नळी तळात रुतवायची, बुचं लावायची आणि टेबलापर्यंत उभीच आणायची. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते गाडीत नळी मांडीवर उभी धरून बसत. "पोरांना कधी एवढं जपलं नाहीत," असं बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं.

नळीत खाली घट्ट गाळ असतो. त्यावर बोटभर थर, कालवलेल्या पिठासारखा पातळ. जरा लाट वाढली की आधी तोच उठतो, प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जातो आणि पाणी शांत झालं की बसतो. नळी आडवी झाली की तो गेलाच.

बंदरातून उपसलेला गाळ कुठे टाकायचा, ते या वेळच्या नमुन्यावर ठरणार होतं. जागा सुचवली होती ती मामांच्या बहिणीच्या, शिंपल्यातली कालवं वाढवायच्या वाफ्यांसमोरची. तळ हलता असेल, तर तिथे टाकलेला गाळ वाफ्यांवर येऊन बसणार आणि कालवं गुदमरून मरणार.

मामा हात धुऊन परत येतात तो नळीत नुसता घट्ट गाळ!

"वरचं कुठं गेलं?"

"घाण पाणी होतं हो, ओतलं." साहेबांनी मान वरही केली नाही. तळ हलतो का ते बघायच्या यंत्रात नळीवर पाणी फिरलं, गाळ तसूभर हलला नाही. साहेबांनी खुशीत लिहिलं, 'तळ स्थिर आहे.'

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, जे चालतं तेच ओतलंत! उरलंय ते कशाला हलेल? मी उद्या दुसरी नळी आणतो."

"उद्या कशाला? अहवाल आजच जायचाय. नमुना नीट पोचला, एवढीच सही करा तुम्ही."

शिकलेला माणूस, पण चूक झाली म्हणायला जीभ रेटेना. मामांनी पेन घेतलं आणि कधी नव्हे ते सहीच्या वर दोन ओळी लिहिल्या: 'नमुना मी उभा आणला. वरचा थर साहेबांनी बेसिनमध्ये ओतला.'

साहेबांचा चेहरा उतरला. "मामा, हे खोडा."

"तुम्हीच खोडा," मामा म्हणाले. "ओतलंतही तुम्हीच."