पोचलेला निरोप

इस्पितळात तिला सगळे 'मापटं' म्हणत. अंगानं बुटकी नि गोल, आणि काम मोजण्याचं. तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत ती नवजात बाळांच्या सलाइनच्या पिशव्या तयार करी. घरी धाकटा दीर तिच्यादेखत चहात मुद्दाम अंदाजानं साखर ओती.

"वहिनी, चमचाभर इकडेतिकडे झाल्यानं कुणी मरत नाही हो!"

"चहानं नाही मरत," ती म्हणे.

पिशवीत जे पोटॅशियम घालायचं, ते दुप्पट गेलं तर इवलंसं काळीज थांबू शकतं. इतकी वर्षं होऊनही ती रोज थोडी घाबरलेलीच असे, आणि ते चांगलंच होतं. घाबरणारं माणूस नीट मोजतं.

मग दिरानं ते ॲप आणलं. तो त्याच इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात होता. सगळ्यांचे निरोप एका पडद्यावर आले आणि वॉर्डातले जुने फोन काढून टाकले गेले. कुणाचा वाढदिवस असला, टिंग. फाटकातली गाडी हलवायची, टिंग. प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका. जरा वेळ पडद्याला हात लागला नाही की तो राखाडी व्हायचा, आणि लगेच तिच्या विभागाच्या मोठ्या बाई विचारायच्या, "जागेवर आहात ना?" आता हातात सिरिंज धरलेलं माणूस पडद्याला हात कशाला लावेल? हे दिराच्या डोक्यात आलं नाही, कारण तो स्वतः दिवसभर पडद्यालाच चिकटलेला. मापटं बिचारी हातमोजे खराब नकोत म्हणून कोपरानं 'हो' दाबायला शिकली.

त्या सकाळी असंच झालं. टिंग वाजलं, तिनं कोपरानं 'हो' दाबलं, वळली, तर हातात रिकामी सिरिंज. अजून भरायचीय, असं समजून तिनं भरली, पिशवीत रिकामी केली, डब्यात टाकली. पिशवी छोट्या लिफ्टनं वर गेली.

लिफ्टचं दार लागलं आणि तिला आठवलं. ती रिकामी सिरिंज आतून ओली होती. नवी सिरिंज कोरडी असते. म्हणजे औषध आधीच घातलं होतं? की तो ओलावा नंतरचा आठवतोय? आठवायला जावं तर डोक्यात नुसतं टिंग.

तिनं वॉर्डाच्या गटावर लिहिलं: "पिशवी लावू नका." निरोप गेला. लगेच त्याच्याखाली "अभिनंदन!" आलं, मग आणखी एक, मग टाळ्या. कुणालातरी बढती मिळाली होती. तिचा निरोप बघता बघता वर सरकून दिसेनासा झाला, आणि तोसुद्धा वर वॉर्डात वाजला असेल तर तसाच, टिंग.

तिनं हातमोजे ओरबाडून काढले आणि ती जिन्यानं वर धावली. लावली असेल. लावलीच असेल. दुसरं काही सुचतच नव्हतं.

वॉर्डात नर्स काचपेटीशेजारी उभी होती. पिशवी टांगलेली. नळीतली हवा काढून झाली होती आणि नळीचं टोक बाळाच्या हाताकडे चाललं होतं. मोबाइल तिनं खणात कोंबला होता. त्या टिंगटिंगीत काम होईना म्हणून.

"एक मिनिट ताई, बोलू नका, चुकेल माझं," ती मान वर न करता म्हणाली.

मापट्यानं शब्दही न बोलता नळी मुठीत आवळली, आणि मग तिला रडू फुटलं.

पिशवी फेकून दिली, नवी केली. पहिली बरोबर होती की चूक, हे कधीच कळणार नव्हतं. भीती तिथेच राहिली, आणि संध्याकाळी तिच्याबरोबर घरी आली.

स्वयंपाकघरात दीर जरा तणतणतच म्हणाला, "पण वहिनी, निरोप तर पोचला होता ना? पोचल्याची खूण आहे की."

"काय हवंय ते सांगते," ती म्हणाली. "मी पिशवी करत असले की तो ठिपका नको, काही वाजायला नको. सगळे निरोप बाहेर थांबू देत, हातातलं संपलं की मी बघेन. घंटा एकच ठेव, सगळ्यांतून ऐकू येईल अशी. आणि ती दाबणाऱ्याला आधी विचार: यासाठी तुम्ही जिना धावत चढाल का?"

"मोठ्या बाई ऐकणार नाहीत."

"मग त्यांना हे दाखव." तिनं मोबाइल पुढे सरकवला.

दिरानं बोटानं अभिनंदनं मागे सारत सारत तिचा निरोप गाठला. पिशवी लावू नका. त्याला एका डॉक्टरनं अंगठा दाखवला होता, दुपारच्या जेवणानंतर. तोवर ती पिशवी बाळाच्या अंगात संपली असती.

दिरानं मोबाइल खाली ठेवला. मग उठला, आणि चहात साखर मोजून घातली.